‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे खरंच कधी म्हणता आलं? – अनुभव धागा

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू आहे. दर शुक्रवारी क्रुसाची वाट करताना, म्हणजे क्रूस वाहणाऱ्या येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या चौदा स्थानांपाशी थांबून प्रार्थना करताना, मी पाचव्या स्थानापाशी अडखळते. कुरेनेकर शिमोन. बिचारा शेतावरून येत होता, शिपायांनी वेठीला धरलं आणि परक्याचा क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. आम्ही वसईची वाडीवाली माणसं. शेतावरून परतताना अंगात किती त्राण उरतं ते मला ठाऊक आहे.

माझंही असंच झालं. धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि घरात जुळली ती माझीच. लोक म्हणाले, केवढा त्याग! खरं सांगते, नाही म्हणायला तोंड नव्हतं म्हणून मी हो म्हटलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री रोजरी हातात घेऊन देवाशी सौदा करत बसले: माझी एक घे, पण त्याला पंचवीस वर्षं दे. भेटायला आलेल्या फादरना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूनंही आधी दुःखाचा प्याला टळू दे असंच मागितलं. तू पोटभर मागून घे, मग पुढचं वाक्य म्हण."

पुढचं वाक्य पहाटेपर्यंत आलंच नाही. नर्सनं बांगड्या काढायला सांगितल्या. एक बांगडी निघेना, तेव्हा बेसिनपाशी साबण लावून मनगट चोळत होते. ती हातातून सटकली आणि त्याच क्षणी तोंडून निघालं, "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो."

किडनी सात वर्षं चालली. भाऊ जाऊन आता तीन वर्षं होतील. "वाया गेली का गं?" असं आईनं एकदाच विचारलं. त्या सात वर्षांत त्यानं मुलीचं पहिलं कम्युनियन (चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणं) पाहिलं, विहिरीजवळ सोनचाफ्याची दोन झाडं लावली. त्यांची फुलं वहिनी आता बाजारात पाठवते. आईला मी उत्तर दिलं नाही, पण फुलांची पहिली पुडी तिच्या हातात ठेवली.

तुम्हाला ते वाक्य कधी म्हणता आलं? कुठल्याही चर्चचे असा, लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा.

मिरज

मी निवृत्त नर्स. कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात पुष्कळ वर्षं ड्रेसिंग केलं. माझा सहा वर्षांचा मुलगा तापानं गेला आणि महिन्याभरानं मी कामावर आले. एका आजोबांच्या पायाची जखम धुताना हात इतके थरथरत होते की ट्रे वाजत होता. त्यांनी पाय मागे घेतला. म्हणाले, "राहू दे बाई, आज मी तुझं बघतो." बोटं झडलेली होती, म्हणून मनगटाला मनगट लावून त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली.

बेल्जियमचे मिशनरी फादर डेमियन १८७३ मध्ये हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांत राहायला गेले आणि १८८९ मध्ये त्याच रोगानं वारले. ते प्रवचनात ‘आम्ही कुष्ठरोगी’ म्हणत, हे मी ऐकून होते. तोवर माझ्या लेखी मी देणारी आणि ते घेणारे. त्या स्टुलावर बसून मला तो ‘आम्ही’ पहिल्यांदा कळला.

पुणे

मला वेगळं लिहायचंय, रागावू नका. अकरा वर्षं मी नवऱ्याचा मार खाल्ला. घरचे, प्रार्थनेला येणाऱ्या बायका, सगळे म्हणत, हा तुझा वधस्तंभ आहे, वाहा. मी वाहिला. शेवटी एका पाळकबाईंनी योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडला. प्रभू तिथे सांगतो की माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो. बाईंनी विचारलं, "तू होऊन देतेस, की तुझ्याकडून हिसकावून घेतात?"

मुलाला घेऊन बाहेर पडले. माझं समर्पण त्या रात्री स्वारगेटच्या स्टँडवर झालं. खांद्यावर झोपलेलं पोर, पर्समध्ये साडेतीनशे रुपये, आणि पुढचं सगळं त्याच्या हाती.

धागाकर्ती, वसई

ताई, रागावेन कशी? वर शिमोनाबद्दल लिहिताना मी वेठीला फार गोड करून टाकलं. तुमचं हे आमच्या महिला मंडळात वाचून दाखवू का?

नाशिककर, सध्या जर्मनी

वसईच्या ताईंच्या आईचा प्रश्न वाचून लिहितोय. दोन वर्षांपूर्वी पोलंडमधल्या आउश्वित्झला, नाझींच्या छळछावणीच्या जागी, गेलो होतो. ११ नंबरच्या ब्लॉकच्या तळघरात १८ नंबरची कोठडी आहे. १९४१ च्या जुलैअखेरीस एक कैदी पळाला म्हणून दहा जणांना उपाशी मारण्यासाठी निवडलं. त्यातला गायोव्निचेक नावाचा कैदी बायकामुलांच्या नावानं रडू लागला, तेव्हा तिथेच कैदेत असलेले पोलिश धर्मगुरू फादर माक्सिमिलियन कोल्बे पुढे आले आणि त्याच्या जागी गेले. दोन आठवडे ते जिवंत राहिले. १४ ऑगस्टला विषाचं इंजेक्शन देऊन त्यांना मारलं.

पुढची हकीकत फारसं कोणी सांगत नाही. गायोव्निचेक सुटून घरी आला तेव्हा बायको होती, पण दोन्ही मुलगे १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात गेले होते. ज्या मुलांसाठी तो वाचला, तीच नव्हती. तरी हा माणूस १९९५ पर्यंत जगला आणि फादरांबद्दल सांगत राहिला. १९८२ मध्ये त्यांना संत घोषित केलं तेव्हा रोममध्ये हजर होता. वाया गेलं असं त्याच्यासमोर कोण म्हणू शकेल?

जमिनीच्या वादामुळे माझं वडिलांशी बोलणं बंद होतं. त्या दिवशी बसस्टॉपवरून फोन लावला आणि माझा हिस्सा सोडला म्हणून सांगितलं. नातं अजून पुरतं जुळलेलं नाही. पण दर रविवारी फोन उचलतात.

अहिल्यानगर

आईला विस्मरणाचा आजार आहे. मला ओळखत नाही, पण रेव्हरंड टिळकांचं भजन म्हटलं की बरोबर ताल धरते. तिच्यासाठी नोकरी सोडली तेव्हा काय काय गमावलं याचा रोज हिशेब मांडायचो. हल्ली मांडत नाही. इतकंच.

नाव नको

सगळं वाचतोय. बायको आयसीयूत आहे, आज तेरावा दिवस. ते वाक्य तोंडात येतं आणि अडकतं. मला नाही म्हणता येत.

धागाकर्ती, वसई

दादा, नका म्हणू. आज संध्याकाळी क्रुसाची वाट आहे, तिथे तुमच्या वाटचं आम्ही म्हणतो. सकाळपासून काही खाल्लंत का?