मदत हवी आहे: रेडिएशन चालू असताना 'ई' जीवनसत्त्वाच्या गोळ्या

नमस्कार. माझ्या वडिलांच्या जिभेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली असून सध्या रेडिएशन चालू आहे. ३० पैकी १४ दिवस झाले आहेत आणि आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषधही दिले जाते. तोंड आतून इतके सोलवटले आहे की पेजेशिवाय काही गिळवत नाही. ते हाल न बघवून आत्याने 'ई' जीवनसत्त्वाच्या ४०० युनिटच्या आणि 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून दिल्या. बाबा आठ दिवस त्या घेत होते, हे मला काल कळले.

माझी काळजी अशी आहे. रेडिएशनचे क्ष-किरण पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिल मूलके (अतिशय क्रियाशील कण) तयार होतात आणि डीएनएची सुमारे दोन तृतीयांश इजा या मूलकांमार्फत होते. डीएनएचे दोन्ही पेड तुटले आणि ते नीट सांधता आले नाहीत, तरच गाठीची पेशी मरते. मग मूलके शोषून घेणारी गोळी तोंडाच्या आवरणाबरोबर उरल्यासुरल्या कर्कपेशींनाही वाचवणार नाही का?

कॅनडातील क्वेबेकमध्ये डोके व मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर झालेली चाचणी मी वाचली. तिच्यात बीटा कॅरोटीनसह (गाजरात असणारे, शरीरात 'अ' जीवनसत्त्व बनणारे द्रव्य) 'ई' दिल्यावर रेडिएशनचा तीव्र त्रास कमी झाला (आत्याचा हेतू चुकीचा नव्हता, हे मला मनापासून नोंदवायचे आहे), परंतु पुढील काही वर्षांत 'ई' घेणाऱ्या गटात मृत्यू अधिक झाले. नंतरच्या विश्लेषणात हा धोका रेडिएशनच्या काळातही धूम्रपान करणाऱ्यांमध्येच दिसला. बाबा तंबाखू चघळत असत, बिडी-सिगारेट कधीच नाही, आणि निदान झाल्यापासून तंबाखूही पूर्ण बंद आहे. त्यांना हा निष्कर्ष कितपत लागू होतो?

गोळ्या कालच थांबवल्या. 'क' लघवीवाटे लवकर निघून जाते. 'ई' मात्र चरबीत साठते, म्हणून उरलेल्या १६ दिवसांवर त्याचा परिणाम राहील का, हे कर्करोगतज्ज्ञांनी किंवा औषधशास्त्र जाणणाऱ्यांनी कृपया सांगावे. आहारातून मिळणारा आवळा, गाजर, पालक यांनाही हीच भीती लागू आहे का? बेंझिडामाइन या वेदना व सूज कमी करणाऱ्या औषधाच्या गुळण्या चालूच आहेत. त्याखेरीज ज्यांच्या घरी हा त्रास निभावला गेला, त्यांनी कशाने घास उतरला तेही लिहावे.

गुरुवारी ओपीडीत डॉक्टरांना दोन्ही बाटल्या दाखवणार आहे. त्यांना आणखी काय विचारावे, हे त्याआधी कळले तर फार मदत होईल.