पासिंगपुरता सायलेन्सर भाड्याने आणणं: शहाणपण की लबाडी?

मांजराकाठचा (लातूर)
डिसेंबर २०१० ची पेट्रोल हॅचबॅक सेकंडहँड घेतली. १५ वर्षं भरली, रिपासिंग करायचंय. आधीच्या मालकानं कंपनीचा सायलेन्सर काढून फ्री-फ्लो, म्हणजे आवाज फारसा न दाबणारा मोकळा पाइप, बसवलाय. पहाटे गाडी चालू केली की गल्लीतली कुत्री उठून बसतात. मेकॅनिक म्हणतो, "जुना ओरिजिनल दोन दिवस भाड्यानं देतो, पासिंग झालं की परत हाच टाकू. सगळे असंच करतात." मला तरी ही लबाडी वाटते. जी गाडी तपासली ती रस्त्यावर नसणारच, मग ते सर्टिफिकेट कोणत्या गाडीचं?

फ्रीफ्लो_एमएच२०
लबाडी कसली राव? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवरचे तपशील कंपनीनं दिलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल करू नका, एवढंच म्हणतंय. आरसीवर सायलेन्सरचा रकाना दाखवा, आजच काढतो. शिवाय तिथंच लिहिलंय की बदल म्हणजे रचनेतला असा फरक, ज्यानं गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. पाइप बदलला म्हणून कारचा टेम्पो होतो का?

कायद्याचं बोला
दादा, ५२ वर तुम्ही वकिली करू शकता, मान्य. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेला सोडून बदल चालणार नाही म्हटलं, पण ते भांडण सायलेन्सरचं नव्हतं, तेही मान्य. पण आवाजाचं काय? केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२० प्रमाणे आवाज दाबणारा सायलेन्सर हवाच. नव्या कारला मर्यादा ७४ डेसिबल, १७५ सीसीवरच्या मोटारसायकलीला ८०. ती मोडली की कलम १९०(२): १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन ३ महिने गेलं. तिथं आरसीचा रकाना कोणी विचारत नाही.

फ्रीफ्लो_एमएच२०
ते ७४ मोजतात कसं, सांगा की. माइक साडेसात मीटरवर ठेवून, मोकळ्या ट्रॅकवर, चालत्या गाडीचा. चौकात हवालदार कानानं मोजतो आणि पावती फाडतो. पीयूसीच्या व्हॅनमध्ये धूर तपासतात, आवाज नाही. ऊसाच्या सीझनला ट्रॅक्टरवाले दोन ट्रॉल्या अन् चार भोंगे लावून रात्रभर गावातून जातात, ते कुणाला दिसत नाहीत. आम्ही पाइप बदलला की गुन्हेगार!

बीडचा बप्पा
ट्रॅक्टरवाल्याचं नाव घेतलं की आपली पुंगळी माफ, असं कुठल्या कलमात आहे?

गॅरेजवाला, उदगीर
मी दोन्ही बसवतो, म्हणून बोलतो. नुसता मागचा डबा बदलला तर धुराला फारसा फरक पडत नाही, आवाजच वाढतो. पण आजकाल पोरं येऊलालेत आणि म्हणूलालेत "कॅटलिटिक कन्व्हर्टर पण उडवा," म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भागच. मी नाही म्हणतो, पुढच्या गल्लीतला हो म्हणतो. २०१० ला बीएस-४ हा धुराचा कडक निकष फक्त मोठ्या १३ शहरांत आला होता, म्हणजे तुमची गाडी बहुतेक त्याआधीच्या बीएस-३ ची. पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के अन् हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत लागतं. कन्व्हर्टर पोकळ असला तर तिथंच अडकाल.

अजून एक. वेल्डिंग करून जोडलेल्या पाइपांचे सांधे बघा. गळती असली तर बाहेरची हवा आत शिरते आणि पीयूसीचं रीडिंग उगाच कमी दिसतं. तोच धूर काचा बंद असताना केबिनमध्ये येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो भाऊ. आवाजावरून भांडत बसलाव, खरी भीती ही आहे.

क्लासच्या गल्लीतली काकू
माझ्याकडे नीटची तयारी करणाऱ्या अठरा मुली राहतात. रात्री साडेअकराला एक जण येतो, कॉर्नरवर ॲक्सिलरेटर पिळतो, फट् फट् करून निघून जातो. मुली दचकून उठतात, मग तासभर झोप नाही. डेसिबल मला कळत नाहीत. तुमचं कलम ५२ त्या मुलींना एकदा येऊन समजावून सांगा.

फ्रीफ्लो_एमएच२०
काकू, तो फटाका सायलेन्सरवाला बुलेटवीर असणार. त्याला धरलंच पाहिजे, माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच की मर्यादेतला पाइप आणि फटाका एकाच पारड्यात नका टाकू. सरकारनं यंत्रावर मोजून पास-नापास करावं, मी पहिल्या नंबरला लाइनीत उभा राहतो.

कायद्याचं बोला
मग भाड्याचा सायलेन्सर कशाला? आहे तोच लावून जा.

फ्रीफ्लो_एमएच२०
…

मांजराकाठचा (लातूर)
अपडेट. भंगारात याच मॉडेलचा डबा मिळाला. बाहेरून गंजलाय, पण हलवला तर आत पत्रा वाजत नाही. नवीन गॅस्केट टाकून कायमचाच बसवला. आता सिग्नलला गाडी चालू आहे का बंद पडली तेच कळेना. कन्व्हर्टर शाबूत निघाला, पीयूसी पास. सोमवारी पासिंगला जातो. मेकॅनिक मात्र रुसलाय, भाडं बुडालं.

फ्रीफ्लो_एमएच२०
काढलेला फ्री-फ्लो कितीला देता?

मांजराकाठचा (लातूर)
काकूंना विचारून सांगतो.