मदत हवी आहे: भावाच्या ईईजीत ‘औषधाचा परिणाम’ आला, मंगळवारी पुन्हा नागपूर. गोळी बंद करायची का?

सोयाबीनवाला:
लहान भावाचा ईईजी झाला, डोक्याले तारा लावून मेंदूच्या लहरी काढतात तो. रिपोर्टात लिहून आहे, बीटा लहरी जास्त, औषधाचा परिणाम असू शकतो. मंगळवारी पुन्हा काढाचा हाय. गोळीनं डोकं बिघडून राहिलं असन तं बंद करून न्यायचं का? लवकर सांगा, आमच्याइकडे रेंज संध्याकाळीच येते, तेबी गोठ्याच्या टिनावर चढलं तं.

मनीषाताई_वर्धा:
वय काय? गोळी कोणती? कशासाठी? एवढं तरी लिहा भाऊ.

नागपुरी_संत्रं:
ईईजी कायले, सरळ एमआरआय करा. माझ्या साळ्याच्या मेंदूत पट्टकृमीची गाठ निघाली. तेव्हापासून आम्ही पत्ताकोबी धुतल्याशिवाय घरात घेत नाही.

सोयाबीनवाला:
फिटच्याच गोळ्या, अजून कायच्या. वय १९. एमआरआय साफ आहे. गोळीचं विचारलं होतं, कोबीचं नाही.

आबा_राळेगाव:
पोरगं फवारणी करते का? २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली, विसरले का? त्या औषधानंबी झटके येतात. अन् हे डोक्याले तारा लावाचे नवे धंदे, करंट बसते मेंदूले. आमच्या काळी चप्पल हुंगवली का काम झालं.

एकवीस_तारा:
आबा, विषबाधेत झटके येतात हे खरं, त्यावर वाद नाही. पण ईईजीचं मशीन करंट देत नाही, मेंदूचाच मायक्रोव्होल्टमधला विजेचा दाब टिपतं. आणि नवं तर मुळीच नाही. हान्स बर्गरनं माणसाचा पहिला ईईजी १९२४ मध्ये काढला. चप्पल राहू द्या, कुशीवर वळवा.

सोयाबीनवाले, मी हेच काम करतो. त्या एका ओळीनं खूप घरं घाबरतात. गोळ्यांत क्लोबाझाम आहे का पाहा. क्लोबाझाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही एकाच घराण्यातली. घेतली की सेकंदाला १३ ते ३० वेळा हलणारी बारीक बीटा पडदाभर पसरते, कपाळाकडे जास्त. फेनोबार्बिटोननंही होतं. गोळी मेंदूत पोचली, एवढाच त्याचा अर्थ. औषध मेंदूवर काय करतं हे याच लहरींवरून मोजायची एक आख्खी शाखा आहे, फार्माको-ईईजी.

फिटची खूण वेगळी असते, टोकदार लहर. तिच्याबद्दल काय लिहिलंय? आणि डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला ८ ते १३ वेळा हलणारी नेहमीची अल्फा लहर आली का?

सोयाबीनवाला:
हो, रात्रीची क्लोबाझाम १० आहे. सकाळ-संध्याकाळ लेव्हेटिरॅसिटम ५००. टोकदार काही नाही. अल्फा ९ लिहून आहे.

नागपुरी_संत्रं:
तरी बंदच करा. माझ्या चुलतभावाच्या गोळ्या डॉक्टरांनीच कमी केल्या होत्या ईईजीसाठी.

मनीषाताई_वर्धा:
तो भरती होता का?

नागपुरी_संत्रं:
होता पाच दिवस. क्यामेरा लावून.

मनीषाताई_वर्धा:
मग ते व्हिडिओ ईईजी. तिथं नर्स उशाशी असते, झटका यावा म्हणूनच कमी करतात. घरी कमी केली तर बसमध्ये झटका येईल. आणि ही गोळी एकदम तोडली तर झटक्यामागून झटका लागू शकतो. माझ्या मुलीचं झालंय, म्हणून तोंड वाजवतेय. अर्धवट सल्ले देऊ नका.

नागपुरी_संत्रं:
मी काय दुश्मन हाय का त्याचा!

एकवीस_तारा:
ताईंचं बरोबर. शेवटची गोळी किती वाजता घेतली ते कागदावर लिहून न्या, वाचणाऱ्याला बीटाचा हिशेब लागतो.

सोयाबीनवाला:
एक सांगायचं राहिलं. आईनं परवापासूनच रात्रीची बंद केली आहे. रिपोर्टातलं ‘परिणाम’ वाचून.

मनीषाताई_वर्धा:
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं! आत्ता डॉक्टरांना फोन लावा.

एकवीस_तारा:
आत्ताच. स्वतःच्या मनानं दोन दिवसांच्या एकदम देऊ नका. मंगळवारच्या ईईजीसाठी आदल्या रात्री जागरण सांगितलंय का?

सोयाबीनवाला:
हो, पहाटे ४ वाजेपर्यंत. घरी झोपून जाते तो, म्हणून वावरात जागलीले नेतो म्हटलं. रोही अन् डुकरं तसेबी सोडत नाहीत.

एकवीस_तारा:
मचाणावर फिटचा पेशंट? आणि बाजूला विहीर असेल. घरी ओसरीत बसवा, गप्पा मारा. डॉक्टरांना जागरणाचंही विचारा, मध्ये गोळी चुकली आहे.

सोयाबीनवाला:
तिसऱ्या खेपेले फोन लागला. म्हणाले आज रात्रीपासून नेहमीचीच, वाढवायची नाही. जागरण नको, मंगळवारी गोळ्या घेऊनच या. आई आता रडून राहिली. तिनं विचारलं, मागच्या वेळी डोक्याले तेल होतं म्हणून तारा चिकटल्या नाही अन् तो माणूस रागावला. बिनवासाचं लावलं तं चालन का?

एकवीस_तारा:
काकूंना सांगा, भांडण वासाशी नाही, तेलाशी आहे. आदल्या रात्री शाम्पू, नंतर काहीच नाही.

आबा_राळेगाव:
फवारणीचं उत्तर कोणी देल्लं नाही.

सोयाबीनवाला:
करत नाही आबा, कॉलेजात आहे. उतरतो, टिन गरम हाय.