पंधरा ऑक्टोबरचा हिशेब, आणि पुढचं काय?

फ्लूमवाला:
परवा इथेच एकाने लिहिलं, "जायकवाडी भरलं, आता वर्षभर समन्यायीचं, म्हणजे वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं, रडगाणं बंद करा. पंधरा ऑक्टोबरला हिशेब होतो, टक्के निघतात, विषय संपतो." दोन दिवस गप्प बसून पाहिलं, जमलं नाही.

विषय कसा संपतो हो? त्या दिवशी मोजतात ते फक्त गल्ल्यातलं. जायकवाडीच्या २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर) उपयुक्त साठ्यापैकी किती टक्के, खरिपाचा वापर धरून ६५ च्या वर की खाली (खाली असेल तर वरून सोडायचं), वर नगर-नाशिककडच्या मुळा, भंडारदरा, दारणा, गंगापूर या धरणांमध्ये किती. पातळी बघायची, तक्ता उघडायचा, आकडा तयार. तक्त्यात गाळ कधीचा धरलाय ते सोडा. खर्चाची बाजू कोण मोजतं? कालव्याच्या मुखाशी मोजतात, कबूल. खाली वितरिकेवर? तिच्यातून शेतांकडे जाणाऱ्या चारीवर? आमच्या चारीच्या फ्लूमची (पाणी मोजायच्या बांधीव नाळीची) मोजपट्टी कुणीतरी केव्हाच उपटून नेली, आत बाभूळ माझ्या खांद्याला लागते. तरी आवर्तन (पाणी सोडायची पाळी) संपलं की वहीत दशांश चिन्हासकट आकडे! जमा मोजून, खर्च अंदाजाने, आणि मेळ बसला नाही की बाष्पीभवन.

२००३-०४ पासून जललेखा, म्हणजे पाण्याच्या जमाखर्चाचा सरकारी अहवाल, निघायला लागला तेव्हा वाटलं होतं, आता तरी कळेल. मग २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचन जेमतेम ०.१ टक्का वाढल्याचा तो आकडा आला, श्वेतपत्रिका झाली, चौकशीला चितळे समिती झाली, आणि सिंचनाच्या त्या रकान्यात 'उपलब्ध नाही' यायला लागलं. हिशेबाने अडचण केली की हिशेबच बंद. आणि तुम्ही म्हणता विषय संपला.

जुना शाखाधिकारी:
बाष्पीभवनाचा टोमणा नेहमीचाच. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, उथळ आहे, भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरतो. त्यावरून एक सेंटिमीटर उडालं की साडेतीन दलघमी गेलं. गुणाकार करून बघा आणि मग चोरी म्हणा. बाष्पपात्र (बाष्पीभवन मोजायचं भांडं) रोज सकाळी वाचावं लागतं, ते मी वाचलंय.

राहिलं चारीचं. निवृत्तीच्या आधी माझ्याकडे तीन शाखा होत्या. मोजणीदार एक, तोही दीर्घ रजेवर. पेट्रोल खिशातलं. रात्री दोन वाजता गेट कोणी उचललं हे बघायला गेलो तर अंगावर कुत्री सोडली. हिशेब कुठून आणू? पाटकरी (कालव्यावर पाणी सोडणारी माणसं) भरा, मग जाब विचारा.

फ्लूमवाला:
म्हणजे आकडे अंदाजाने लिहिले हे तुम्हीच सांगितलंत. धन्यवाद.

जुना शाखाधिकारी:
अनुभवाने लिहिले. अंदाज आणि अनुभव यांत फरक असतो, तो खुर्चीत बसून कळत नाही.

मुळथडी:
हा सगळा हिशेब फक्त आम्हा वरच्या धरणवाल्यांकडून काढून घ्यायच्या वेळी आठवतो. २०२३ ला जायकवाडीसाठी ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) सोडायचा आदेश निघाला. आमच्या दारावरून पाणी गेलं, आमची रब्बी बघत बसली. नदीच्या कोरड्या पात्रातून न्यायचं, वाटेत वाळू पिणार, मग पोहोचलं किती यावर परत भांडण. वर सुटलं किती आणि पैठणला पोहोचलं किती हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडा की. का नाही मांडत?

नाथसागर:
मांडतात. तुम्ही बघत नाही. आणि वाळूचं नाव घेताना वाटेतल्या बंधाऱ्यांच्या पाणी अडवणाऱ्या फळ्या विसरलात. नदीकाठची वीज बंद ठेवायचे आदेश काढावे लागतात ते काय वाळूने मोटारी लावल्या म्हणून? समन्यायी वाटपाचा २००५ चा कायदा आहे, २०१४ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश आहे, २०१६ ला हायकोर्टाने मान्य केलाय. तरी दर दुष्काळात पाणी मिळवायला आम्हीच रस्त्यावर.

मुळथडी:
आणि ते पाणी गेल्यावर उसालाच ना? की मोसंबी जगवली म्हणून फोटो टाकणार?

नाथसागर:
ऊस कुणी कुणाला शिकवला ते बोलायचं का आता? कारखान्यांची धुराडी मोजू या, जिल्हावार?

टेलचा माणूस:
झालं. ऊस आला. पाण्याचा कुठलाही धागा पाचव्या-सहाव्या प्रतिसादात उसाच्या फडात शिरतो. आमच्या टेलला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला, वीस वर्षांत पाणी आलं दोनदा, त्यातलं एकदा अतिवृष्टीचं होतं. पण लाभक्षेत्रात नाव आहे, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या योजनेत बसत नाही. हा हिशेब कुठल्या वहीत?

विहिरवाला आबा:
फ्लूमवाले, तुमचं एक पटलं नाही म्हणून लिहितोय. तुम्ही मंडळी गळती गळती म्हणून ओरडता. आमची विहीर त्या गळतीवर होती. कालव्यापासून तीनशे पावलांवर. वडिलांनी खोदली तेव्हा पस्तीस फुटांना पाणी, आवर्तन सुटलं की चौथ्या दिवशी विहिरीत चढ दिसायचा. मग साहेब लोकांना कार्यक्षमता आठवली, चारीला अस्तर केलं. काँक्रीट छान झालं, त्यावर पोरं सायकल फिरवायची. दुसऱ्या उन्हाळ्यात विहीर तळाला. पुढच्या वर्षी बोअर, अडीचशे फूट, फुफाटा. कर्ज अजून आहे. तुमच्या वहीत पाणी वाचलं. कुणाचं वाचलं?

फ्लूमवाला:
आबा, वाईट वाटलं. पण ते पाणी टेलच्या माणसाचं होतं.

विहिरवाला आबा:
टेलच्या माणसाला मिळालं का? वर बघा काय लिहिलंय त्याने.

जुना शाखाधिकारी:
इथे आबा बरोबर आहेत, आणि हे मी नाइलाजाने लिहितोय. आमच्या खात्यात कालव्याची गळती तुटीत जाते. भूजलवाले भूजलाचं मूल्यांकन करतात तेव्हा तेच पाणी कालव्यातून झालेलं पुनर्भरण म्हणून जमेत धरतात. एकाची तूट, दुसऱ्याची जमा, आणि दोन्ही कागद कधी एका टेबलावर आलेले मी नोकरीभर पाहिले नाहीत.

टेलचा माणूस:
आणि आबांच्या विहिरीवर भिजलेलं रान? ते 'लाभक्षेत्रातील विहिरींवरील सिंचन' म्हणून खात्याच्या खाती. पाणी तुटीत, पीक कामगिरीत. वा!

नाथसागर:
आबा, सात नंबर, म्हणजे पाण्याचा मागणी अर्ज, कधी भरला होता का? विहिरीला कालव्याचं पाणी मिळतं म्हणता, मग पाणीपट्टी?

विहिरवाला आबा:
माझ्या जमिनीतली विहीर, माझी मोटर, माझं वीजबिल. कसली पाणीपट्टी?

नाथसागर:
म्हणजे मिळत होतं तेव्हा जमिनीचं, बंद झालं की कालव्याचं. बरं आहे.

विहिरवाला आबा:
तुमच्या घरी नळाला मीटर आहे का हो? शहराला धरणातून किती जातं आणि नळाला किती येतं, मधलं कुठे जिरतं, ते आधी विचारा जाऊन. चाळीस वर्षं शेतकऱ्यालाच चोर म्हणायचं. तुमच्यासारख्यांशी बोलण्यात अर्थ नाही.

नाथसागर:
मीटर नाही. आणि पाणी आठवड्यातून एकदा येतं, धरण उशाशी असून. चोर मी म्हणालो नाही, पण सूर तसा लागला असेल तर मागे घेतो. पाणीपट्टीचा प्रश्न मागे घेत नाही.

मुळथडी:
अभिनंदन, मराठवाड्याने काहीतरी मागे घेतलं.

फ्लूमवाला:
मुळथडी, तुम्ही जरा गप्प बसा.

आबा, अस्तराबद्दल मी जे आजवर बोलत आलो त्यात तुमची विहीर धरली नव्हती. अस्तर चूक असं मी अजूनही म्हणणार नाही. पण अस्तर करण्याआधी त्या पट्ट्यातल्या विहिरींच्या पातळ्या घ्यायला काय हरकत होती? टेप लागतो, दुसरं काही नाही. तीनशे पावलांवरची विहीर कुणी मोजली होती का?

विहिरवाला आबा:
वडील मोजायचे. दर अमावस्येला दोर सोडून, गाठी मोजून. कॅलेंडरच्या मागे लिहिलेलं आहे, साताठ वर्षांचं.

जुना शाखाधिकारी:
फेकू नका ती कॅलेंडरं. फोटो काढून टाका इथे. त्या चारीची आवर्तनं कधी सुटली त्या तारखा माझ्या जुन्या डायरीत निघतील, लावून बघतो.

विहिरवाला आबा:
उंदरांनी खाल्ली नसली तर टाकतो. बाभूळ उपटली का हो फ्लूमवाले?