वेस्ट इंडियन मागे, अरब पुढे? राजाभाऊ, कुठल्या देशात आणि कुठल्या साली?

क्वीन्सकर

राजाभाऊंचा परवाचा 'रक्तातला व्यापार' हा धागा वाचला. प्रतिसाद लिहायला बसलो, तो लांबला, म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अरब पिढ्यान् पिढ्या व्यापारी, म्हणून परदेशात गेले तिथे दुकानं टाकून वर आले. वेस्ट इंडियन लोक खा-प्या-नाचा वृत्तीचे, म्हणून जातील तिथे मागे राहिले. मराठी माणसाने यातून काय तो बोध घ्यावा. खाली 'सहमत', 'अगदी मनातलं बोललात' यांची रांग.

मागे राहिले हे पाहिलंत कुठे? न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये २००५च्या जनगणना-सर्वेक्षणात कृष्णवर्णीय कुटुंबांचं मध्यम उत्पन्न गोऱ्या कुटुंबांपेक्षा किंचित का होईना, वर निघालं होतं. त्याचं बरंचसं श्रेय कॅरिबियनहून आलेल्या, नवरा-बायको दोघं कमावणाऱ्या घरांना दिलं गेलं. शर्ली चिझम १९६८ साली अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. आई बार्बाडोसची, वडील गयानाचे. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेल्या कॉलिन पॉवेलचे आईवडील जमैकाचे. आणि कृष्णवर्णीय अमेरिकन अर्थतज्ज्ञ थॉमस सोवेल, ज्यांचे व्हिडिओ राजाभाऊ दर आठवड्याला इथे डकवतात, ते तर १९७०च्या दशकापासून सांगताहेत की वेस्ट इंडियन लोक अमेरिकेत इतके वर आले, म्हणजे सगळा दोष वर्णद्वेषाला देता येत नाही. तुमचेच गुरुजी तुमच्या उलट बोलताहेत.

आता गंमत अशी की हेच जमैकन ब्रिटनमध्ये गेले तिथे चित्र एवढं चांगलं नाही. रक्त तेच, चर्च तेच, आजीचा मार तोच. फरक कायद्याचा आणि दाराचा. १९५२च्या अमेरिकन कायद्याने प्रत्येक वसाहतीला वर्षाला १०० जणांचा कोटा बांधून दिला, म्हणून माणसं ब्रिटनकडे वळली. १९६२ साली ब्रिटनने दार ओढून घेतलं, १९६५ साली अमेरिकेने उघडलं, आणि मग नर्सा, शिक्षिका, कारकून इकडे आले. ब्रिटनला बसवर माणसं हवी होती. लंडन ट्रान्सपोर्टने १९५६पासून बार्बाडोसमध्ये जाऊन भरती केली.

अरबांचंही तेच. १८८० ते १९२४ या काळात आजच्या लेबनॉन-सीरियातून जे आले ते बहुतेक ख्रिश्चन. मॅनहॅटनच्या वॉशिंग्टन स्ट्रीटवरून माल उचलायचा आणि पाठीवर गाठोडं टाकून गावोगाव विकायचा. कष्ट केलेच त्यांनी, प्रश्नच नाही. पण १९१५ साली जॉर्ज डाऊच्या खटल्यात अपील कोर्टाने सीरियन लोकांना 'गोरे' ठरवून नागरिकत्वाचा रस्ता मोकळा केला. १९२३ साली पंजाबहून आलेल्या भगतसिंग थिंद यांना सुप्रीम कोर्टाने तोच शिक्का नाकारला. जमैकन माणसाला नागरिकत्व मिळू शकत होतं, पण 'गोरा' हा शिक्का कधीच नाही. त्या शिक्क्याची किंमत 'व्यापारी रक्ता'त धरायची की वेगळी?

रोखठोक_राजाभाऊ

वा! मी वीस ओळी लिहिल्या, तुम्ही प्रबंध लिहिलात. झोंबलं म्हणायचं.

दोन-चार मोठी नावं काढून समाज वर येत नाही. वॉशिंग्टन स्ट्रीटचा गाठोडेवाला दहा वर्षांत दुकानदार झाला, तुमची नर्स तीस वर्षांनीही नर्सच राहिली. पगार आणि मालकी यांतला फरक कळत नसेल तर बोलणं खुंटलं. आणि लांब कशाला, खुद्द जमैकात पाहा. मूठभर लेबनीज घराणी, कापडाच्या गाठी घेऊन आली आणि व्यापार ताब्यात घेतला. त्यांच्यातलाच एडवर्ड सिआगा १९८० ते ८९ पंतप्रधान. त्रिनिदादमध्येही सीरियन-लेबनीज मोजकेच, पण पैसा बघा. एकच बेट, एकच हवा, एकच कायदा. आता कुठलं दार सांगता?

विदा_द्या

राजाभाऊंचा हा मुद्दा क्वीन्सकरांच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा सरस आहे, हे नाइलाजाने नोंदवतो. पण एकच कायदा? एकाचे पणजोबा मळ्यावर गुलाम, १८३८मध्ये सुटले तेव्हा भरपाई मालकांना मिळाली, यांना दमडी नाही. दुसरा स्वतःच्या मर्जीने तिकीट काढून आला, मागे भाऊबंदांची उधारीची साखळी होती. याला एकच हवा म्हणायचं तर म्हणा.

बाकी दोघांनाही विचारतो, मोजताय काय? अमेरिकेच्या आकडेवारीत 'वेस्ट इंडियन' हा वंशाचा रकाना आहे, त्यात क्युबा, डॉमिनिकन रिपब्लिक, पोर्तो रिको धरत नाहीत. दुसऱ्या पिढीतला ब्रुकलिनचा गरीब पोरगा स्वतःला नुसतं 'ब्लॅक' लिहितो, तो या रकान्यातून गळाला. उरलेले आपोआप श्रीमंत दिसतात. अरबांत उलटी अडचण: लेबनीज वकील आणि काल आलेला येमेनी एकाच टोपलीत, सरासरी कोणाचीच नाही. त्यात जनगणना त्यांना 'गोरे' मोजत आली. मध्यपूर्व-उत्तर आफ्रिका असा वेगळा रकाना करायचं २०२४ साली ठरलं.

आणखी एक. ही तुलना कुटुंबाच्या उत्पन्नावर होते. वेस्ट इंडियन बायका मोठ्या प्रमाणावर नोकरी करतात, अरब घरांत ते प्रमाण बरंच कमी. दोन पगारांचं घर आणि एका दुकानाचं घर शेजारी ठेवून 'संस्कृती' कशी मोजणार?

लेस्टरवाली

क्वीन्सकर, 'ब्रिटनला बसवाले गेले, अमेरिकेला नर्सा' हे फार सोपं करून सांगितलंत. इथल्या आरोग्यसेवेत कॅरिबियन नर्सा पहिल्यापासून आहेत. कॅरिबियनहून माणसं घेऊन विंडरश जहाज १९४८ला लागलं तेव्हापासून आलेल्यांत सुतार, शिंपी, मेकॅनिक भरपूर होते. त्यांना त्यांच्या हुनराचं काम दिलं नाही, झाडू दिला. पोरांचं तर विचारू नका. बर्नार्ड कोअर्ड या ग्रेनेडियन शिक्षकाने १९७१मध्ये पुस्तिका काढून दाखवून दिलं की वेस्ट इंडियन मुलांना सरसकट मंदबुद्धींच्या शाळेत ढकलताहेत. आणि त्याच पिढीतल्या म्हाताऱ्यांकडे कागद मागितले, काहींना देशाबाहेर घालवलं, हे २०१८मध्ये उघड झालं. गृहमंत्र्यांना जावं लागलं त्यापायी.

पण, आणि हा 'पण' तुम्हाला आवडणार नाही. माझ्या गल्लीत युगांडाहून आलेले गुजराती आहेत. १९७२ साली इदी अमीनने हाकललं, आमच्या लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या पेपरात जाहिरात दिली की कृपा करून आमच्याकडे येऊ नका. तरी आले. आज गोल्डन माईल, म्हणजे इथला दुकानांचा मोठा रस्ता, कोणाची आहे? वर्णद्वेष त्यांनाही सोसावा लागला. काहीतरी फरक आहेच ना?

क्वीन्सकर

ताई, युगांडातून आले ते दुकानदार होते. पैसा तिथे राहिला, धंद्याची अक्कल आणि लंडनपासून नैरोबीपर्यंतचे नातेवाईक बरोबर आले. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

लेस्टरवाली

म्हणजे जो वर आला तो आधीच वर होता, आणि जो नाही आला त्याला दार नव्हतं. असं म्हटलं की तुम्हाला कधी हरायलाच नको. छान सोय आहे.

कट्ट्यावरचा_बंड्या

अवांतर: १९७१ला आपल्या सुनीलने चार कसोटीत ७७४ धावा केल्या तेव्हा त्रिनिदादच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. मुलाचं नाव रोहन ठेवलं ते कन्हायवरून. आता गयानाच्या, भारतीय वंशाच्या रोहन कन्हायला कुठल्या रकान्यात टाकणार? वेस्ट इंडियन की इंडियन? क्वीन्सच्या रिचमंड हिलमध्ये तर सगळी अशीच माणसं. चालू द्या.

टोरोंटोची_मावशी

हे 'खा-प्या-नाचा' वाचून राहवलं नाही. मी इथे वृद्धाश्रमात नोकरीला लागले तेव्हा माझी सुपरवायझर जमैकन होती. ती कॅनडाच्या घरकामवाल्यांच्या योजनेतून आली होती, जी १९५५ साली जमैका आणि बार्बाडोसच्या बायकांपासून सुरू झाली. अट काय, तर तरुण, अविवाहित, आणि वर्षभर कोणाच्या तरी घरी मोलकरीण. शिकलेल्या बायका यायच्या, कारण दुसरा रस्ता नव्हता. राजाभाऊ, 'नर्स नर्सच राहिली' असं तुम्ही सहज लिहिलंत. ती मोलकरणीची नर्स झाली, घर घेतलं, भावंडांना बोलावून घेतलं.

घर कसं घेतलं तेही सांगते. पार्टनर. दर आठवड्याला ठरलेले पैसे एकीकडे द्यायचे, आणि आपली पाळी आली की सगळी रक्कम उचलायची. त्रिनिदादवाले सुसू म्हणतात, गयानावाले बॉक्स हँड. ब्रिटनमध्ये बँका कर्ज देत नव्हत्या तेव्हा त्या पिढीने घरांची अनामत यातूनच उभी केली. माझ्या मजल्यावरची इजिप्तची बाईही तेच करायची, तिकडे गमइया म्हणतात. म्हणजे आपली भिशीच. मी पण घातली होती, त्यातून लेकीची पहिल्या वर्षाची फी भरली.

सातारी_तडका

भिशीचं नाव काढलंत म्हणून. मावशी, तुमचं नशीब. आमच्या गल्लीत लिलाव भिशी होती. गरजवंत बोली लावायचा, पाच-दहा टक्के सोडून उचलायचा, बाकीचे वाटून घ्यायचे. वडिलांची पाळी शेवटची, कारण 'आपल्याला घाई नाही'. भिशीवाला पाळीच्या आधी गाव सोडून गेला. आईचे पाटल्या-गोठ सोनाराकडे गेले ते गेलेच. याला तुम्ही समाजाची प्रगती म्हणता?

टोरोंटोची_मावशी

वाईट झालं, पण लिलाव भिशी आणि पार्टनर एक नव्हे. पार्टनरमध्ये व्याज नाही, बोली नाही. पैसे सांभाळणारी बाई चर्चमधली, तिला रविवारी तोंड दाखवायचं असतं.

सातारी_तडका

आमचा भिशीवालाही दर गुरुवारी आरतीला पुढे उभा असायचा.

रोखठोक_राजाभाऊ

बघा, मुद्दा आपोआप बाहेर आला. जमैकन बाई पाळी उचलून काय करते? घर. फी. मारवाडी, गुजराती, लेबनीज काय करतो? माल भरतो. मराठी माणूस? फ्लॅट, आणि उरलेल्यात मुलीचं लग्न. माझ्या सख्ख्या भावाला मी भिशीतून गाळा घे म्हणून सांगितलं होतं, त्याने गाडी घेतली. आज रिक्षाचे पैसे माझ्याकडे मागतो. मला संस्कृती शिकवू नका.

विदा_द्या

भावाचं भांडण कॅरिबियनपर्यंत पोचवल्याबद्दल अभिनंदन.

लेस्टरवाली

राजाभाऊ, घर घेणं म्हणजे भांडवल नाही का? १९६०च्या दशकात लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये घेतलेल्या घराची आज किंमत काय आहे ते बघून या. दुकानं पुष्कळ बुडाली, घरं राहिली. आणि गाळे घेणारे अरब म्हणता, तर न्यूयॉर्कच्या येमेनी बोडेगावाल्यांचा, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारांचा, दिवस विचारा. रात्रंदिवस काउंटरमागे, पोरं-बायको येमेनमध्ये. फेब्रुवारी २०१७मध्ये ट्रम्पच्या प्रवासबंदीविरुद्ध हजारावर दुकानं एका दिवशी बंद ठेवली ती हौस म्हणून नाही.

क्वीन्सकर

आणि सगळे अरब दुकानदार हे तरी कोणी सांगितलं? मिशिगनमधलं अरबबहुल डिअरबॉर्न वाढलं ते फोर्डच्या रूज कारखान्यातल्या मजुरीवर. १९७३च्या कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यांच्या संपात पोलिसाच्या फटक्याने मेलेला नागी दैफुल्ला येमेनी शेतमजूर होता. 'व्यापारी रक्त' तेव्हा सुट्टीवर होतं का?

रोखठोक_राजाभाऊ

ठीक आहे बुवा. येमेनी मजूर, लेबनीज व्यापारी, जमैकन नर्स महान, सगळे समान, जय हो. पण बेटांवरच्या लेबनीज लोकांचं उत्तर अजून एकानेही धड दिलेलं नाही. उधारीची साखळी म्हणे. ती साखळी राखणं हीच संस्कृती असते, हे कबूल करायला जीभ रेटत नाही इतकंच.

विदा_द्या

अर्धं कबूल. साखळी खरी. पण ती जमैकन बायकांनीही राखली, मावशींनी वर सांगितलंच. एकीला गावच्या घाऊक व्यापाऱ्याची उधारी मिळाली, दुसरीला फक्त मैत्रिणींच्या पगारातली बचत. साखळीच्या पलीकडच्या टोकाला किती पैसा होता तेही मोजा.

सातारी_तडका

मावशी, एक विचारायचं राहिलं. मुलगा पुढच्या महिन्यात तुमच्या टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला जातोय. त्या पार्टनरमध्ये आपल्या लोकांना घेतात का?

टोरोंटोची_मावशी

घेतात, पण आतल्या कोणीतरी जामीन राहावं लागतं. मुलाला माझ्याकडे पाठवा. आणि त्याला सांगा, पहिल्या वर्षी पाळी शेवटचीच मिळेल. वडिलांसारखी तक्रार करायची नाही.