मेथी आडवी पडली, दोष तिथीचा नाही

अमावास्येला पेरलेली मेथी आठवड्यात आडवी झाली, म्हणून तिथीला दोष देऊ नका. खोड मातीलगत काळपट, बारीक झालं असेल तर ती बुरशीमुळे होणारी रोपांची मर आहे. दाट पेरणी, निचरा नाही, त्यात मुंबईची जुलैतली दमट हवा! पालेभाज्या शुक्ल पक्षात, मुळा-गाजर कृष्ण पक्षात हा संकेत खुशाल पाळा. पक्ष पंधरवड्याचा असतो, त्यातला उघडिपीचा दिवस निवडा. सहा इंच खोल, भोकं पाडलेल्या ट्रेमध्ये दोन भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत. दाणे आठ तास भिजवून दोन सेंटिमीटर अंतराने पेरा, वर अर्धा सेंटिमीटरच माती. पाणी सकाळी, वरचा थर सुकल्यावरच. जुनी माती मात्र लगेच वापरू नका, बुरशी तिच्यातच टिकून असते.