खातं हलतं, पोस्टी हलत नाहीत

मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण अनेक वेगवेगळ्या सर्व्हरांवर मिळून चालणारं समाजमाध्यम. त्याला मालकच नाही, म्हणून बंद पडायची भीती नाही, असं म्हणतात. थोडी भर घालतो. सगळ्यांचा मिळून एक मालक नाही हे खरं, पण प्रत्येक सर्व्हर चालवणारा कुणीतरी असतोच, आणि बऱ्याचदा तो पदरमोड करून किंवा देणग्यांवर चालवत असतो. तो थकला की कारभार आटोपला. मॅस्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी हा सर्व्हर २०२२च्या अखेरीस बंद झाला, तेही ट्विटरवरून लोंढा येत असताना! दुसऱ्या सर्व्हरवर जाताना फॉलोअर सोबत नेता येतात, जुन्या पोस्टी मात्र मागेच राहतात. त्यांची प्रत सेटिंग्जमधून अधूनमधून उतरवून घ्या.

आपल्याकडे २०१९च्या नोव्हेंबरात ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर मॅस्टोडॉनकडे अशीच लाट आली होती. बरेच जण ट्विटरवर परतलेही. मॅस्टोडॉनवर पोस्टी वेळेच्या क्रमाने दिसतात, माणसं आपणच शोधावी लागतात. एकट्याने गेलं की शुकशुकाट वाटतो (मला तो आवडतो, ते सोडा). रोज गप्पा होतात असे पाच-सहा जण ठरवून एकदम गेलात तर टिकाल.